एक गज आत

उत्तरेकडच्या खोल्यांना काच बसत नाही, ही बातमी व्हरांड्यातून निघाली तेव्हा चार इंचांची होती. जिन्यापाशी ती फूटभर झाली, आणि सभागृहात आक्कांच्या खुर्चीपर्यंत पोचली तेव्हा उत्तरेची अख्खी भिंत खचलेली होती.

“भिंत खचली म्हणतात,” आक्का म्हणाल्या.

“बाबांची भिंत खचली असती तर आपण दोघं एव्हाना तळघरात असतो, खुर्च्यांसकट,” तात्या म्हणाले. “तू चहा संपव.”

आक्का अठ्ठ्याऐंशीच्या, त्यांचे धाकटे भाऊ तात्या एक्क्याऐंशीचे. आक्कांना हल्ली कमी ऐकू येई, पण काय ऐकायचं ते त्या स्वतः ठरवत. तात्यांचं उलट होतं. त्यांना सगळं ऐकू येई, कुणी न बोललेलंसुद्धा, आणि पुढे सांगताना त्यात भर पडे.

ही जुनी व्याकरणशाळा, नावालाच व्याकरणाची, एरवी सगळे विषय शिकवणारी, त्यांच्या वडिलांनी बांधली. ब्याण्णव वर्षांपूर्वी पाया घातला, आठ वर्षांनी शेवटचं कौल चढवलं. मधोमध सभागृह, दक्षिणेला सहा खोल्या, उत्तरेला सहा, पुढून पाहावं तर नाकाच्या दोन बाजूंना दोन डोळे असावेत तशी सारखी. पुढे एक्केचाळीस वर्षं तात्यांनी याच शाळेची घंटा वाजवली आणि किल्ल्या सांभाळल्या. घंटा अजून जिन्यावर लटकत होती, आणि सगळी कुलपं बदलली तरी किल्ल्यांचा जुडगा तात्यांच्या खिशात होताच. पँट एका बाजूला झुकली नाही तर त्यांना चालताना तोल सापडत नसे.

बारा वर्षांपूर्वी शाळा बंद पडली. आता तिथे कचेऱ्या होणार होत्या, आणि नवं दार आजच चार वाजता उघडणार होतं. हा सगळा बदल केला तो तात्यांच्या नातीनं. ती वास्तुकार. लहानपणी घरातलं काहीही सापडेल ते मोजायची, मांजराची शेपटी रोज सकाळी मोजायची, म्हणून तात्यांनी तिचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं. ते तिला चिकटलं. काम तिनं मन लावून केलं होतं. मुलांच्या उंचीच्या कोटाच्या खुंट्या तिनं तशाच ठेवल्या, त्यामुळे आता मोठमोठ्या साहेबांना कोट अडकवताना कमरेत वाकावं लागणार होतं. मुलांनी बाहेर बघू नये म्हणून खिडक्या डोक्याच्या वर काढलेल्या, त्याही तशाच. “कचेरीतल्या माणसांनी तरी कशाला बाहेर बघायचं?” असं तात्या म्हणाले होते. हेडमास्तरांच्या खोलीत आता बैठका होणार होत्या, आणि फर्निचर लावणारी माणसंसुद्धा त्या खोलीत आपोआप हळू बोलत होती.

आणि आता, दहा वाजता, काच बसत नव्हती.

तात्या काठी टेकत उत्तरेच्या व्हरांड्यात गेले. पहिल्या खोलीची पुढची भिंत काढून तिथे काचेचा पडदा बसायचा होता, एका आडभिंतीपासून दुसऱ्या आडभिंतीपर्यंत. काचवाला आणि त्याची तीन माणसं पडदा उभा धरून होती. पडद्याचं एक टोक भिंतीला टेकलेलं, दुसरं बाहेर राहिलेलं.

त्याच्यासमोर ठेकेदार उभा होता. हा तात्यांचा पुतण्या, थोरल्या भावाचा मुलगा, वय अठ्ठावन्न. बांधकामाचा धंदा त्याच्याकडे आला होता आणि घराण्याचा अभिमानही. त्याच्या हसण्याला परवाना लागे, आणि तो कुणाला क्वचितच मिळे.

“मोजलं कोणी?” ठेकेदारानं विचारलं.

“मीच,” फूटपट्टी म्हणाली. “दक्षिण बाजू मोजली, कोपरा न् कोपरा. इथल्या खोल्या तेव्हा जुन्या दप्तराच्या कपाटांनी भरलेल्या होत्या. ती हलवून मोजायला निघाले, तेव्हा तुम्ही काय म्हणालात, काका?”

“मी काय म्हणालो ते सोड.”

“तुम्ही म्हणालात, आजोबांच्या हातची एक बाजू मोजली की दुसरी मोजलीच. फीत धरणं म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवणं.”

“ते मी भाषणात म्हणालो असेन.”

“जेवताना म्हणालात. कोशिंबीर वाढता वाढता.”

“आणि तू ऐकलंस?”

“ऐकलं,” ती म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. “मलाही तसंच वाटत होतं.”

यात नवल नव्हतं. गावात या घराला अचूकांचं घर म्हणत. इथली मुलं आधी सूत शिकत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि मग अंक. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या वास्तुकारानं दोन्ही बाजू मोजल्या असत्या. ही चूक फक्त अचूकांनाच करता येण्यासारखी होती.

“घासून बसवता येईल का?” तिनं काचवाल्याला विचारलं.

“ताई, ही भट्टीत पक्की केलेली काच. कापायला गेलात की मुरमुरे,” काचवाला म्हणाला. “नवी करून आणायची तर पाच आठवडे. सहाच्या सहा पडद्यांना.”

“मग बाईंना सांगावं लागेल,” ठेकेदार म्हणाला. बाई म्हणजे इमारतीची मालकीण. नदीकाठची जुनी गिरणीही त्यांचीच, आणि हे काम नीट झालं तर गिरणी फूटपट्टीच्या हाती द्यायची असं त्या बोलून चुकल्या होत्या. “माप चुकलं म्हणून सांगू. कोणाचं, ते त्या विचारतीलच.”

“माझं सांगा.”

“मला हौस नाही आलेली. पण नाव कोणाचं तरी लागेल, आणि आजोबांचं तर घेता येत नाही. त्यांच्या नावाची पाटी आजच लागतेय.”

पाटी सभागृहात आक्कांच्या खुर्चीमागे कापडानं झाकलेली होती. पितळी. ठेकेदारानं मजकूर स्वतः लिहिला होता: ‘या वास्तूच्या दोन्ही बाजू एकाच हाताने बांधल्या. दोन्हींत एका सुताचाही फरक नाही.’ तिच्याखाली काचेच्या पेटीत आजोबांचा गज ठेवलेला. सागवानी काठी, तीन फुटांची, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, अंगावर एकही खूण नाही. अर्धा, पाव, अष्टमांश हे म्हातारा नुसत्या डोळ्यानं करी.

एवढ्यात आक्का एका हातानं भिंत धरत तिथवर आल्या. पडद्याकडे पाहिलं, पुतण्याकडे पाहिलं, आणि निकाल दिला.

“बाबांचं माप चुकायचं नाही. पोरीचंच चुकलं असेल. चुकू दे, लहान आहे.”

फूटपट्टी छत्तीस वर्षांची होती. तिनं मान हलवली आणि व्हरांड्याच्या टोकाकडे निघून गेली.

तात्यांनी घसा साफ केला. “त्याचं काय आहे, या बाजूला एक तिरळे हेडमास्तर होते...”

“काका, आज नको,” ठेकेदार म्हणाला. रागानं नव्हे. पाहुणे यायच्या दिवशी पोराच्या हातातला चिखल काढून घ्यावा तसं.

तात्या गप्प बसले. आयुष्यात फार वेळा बसले नव्हते, त्यामुळे काचवाल्यानंही वळून पाहिलं.

खरी गोष्ट त्यांच्या पोटात होती, आणि ती सत्तावीस वर्षं तिथेच होती. पण पोटातली गोष्ट ओठांवर आणायची तर दोन अडचणी होत्या. एक, ती कुणाला सांगणार नाही असा शब्द त्यांनी आईला दिला होता. दुसरी अडचण त्यांनी स्वतःच मेहनत घेऊन उभी केली होती: त्यांनी खरं सांगितलं तर ते खरं आहे असं मानणारा एकही माणूस त्यांनी शिल्लक ठेवला नव्हता.

दोन्ही अडचणी घेऊन ते टोकाच्या सहाव्या खोलीपर्यंत गेले.

ही एकच खोली अजून रिकामी व्हायची होती. कपाटं गेली होती, पण मागचा बाक तसाच होता. व्याकरणशाळेत प्रत्येक वर्गाला असा एक सलग बाक असे, बारा फुटी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मागच्या भिंतीला चिकटून. पोरं एका टोकाला चढत आणि दिवसभर सरकत सरकत दुसऱ्या टोकाला पोचत. दक्षिणेकडे ते बाक सरळ होते. उत्तरेकडे सगळे तिरके. एक टोक मागच्या भिंतीला टेकलेलं, दुसरं पुढे आलेलं, आणि मागे एक तिकोनी मोकळी जागा. त्या तिकोनात नव्वद वर्षांत काय काय राहून गेलं याची यादी तात्यांकडे होती. मांजरीची तीन वेतं झाली, एक मास्तर दुपारची झोप काढत, आणि एका विद्यार्थ्यानं अख्खी सातवी तिथेच केली आणि पहिला आला.

फूटपट्टी बाकावर बसली होती, गुडघ्यांवर नकाशाची गुंडाळी.

“रडतेस काय?” तात्यांनी विचारलं.

“नाही. मोजतेय, गिरणीला किती खिडक्या होत्या ते. आता त्या दुसरं कुणी मोजेल.” ती सरकली. “बसा. तात्या, हा बाक तिरका का, ते सांगा. खरंच बरं वाटेल मला.”

हे ती लहानपणी विचारायची, रोज रात्री झोपताना नवी गोष्ट मिळायची. भूगोलाच्या मास्तरांनी पृथ्वी तिरकी आहे म्हणून बाकही तिरका ठेवायला लावला. उत्तरेचं वारं इतकं जोरात सुटे की सरळ ठेवलेला बाक सकाळपर्यंत वळे. तिरळे हेडमास्तर होते, त्यांना तिरकं ठेवलं की सरळ दिसे. अशा चौदा गोष्टी झाल्या होत्या.

“पंधरावी सांगतो,” तात्या म्हणाले. “ही जरा छोटी आहे. तो सरळ बसत नाही म्हणून तिरका.”

ती हसली. “ही चांगली नाही.”

“खरी आहे म्हणून चांगली नाही. बाक बारा फूट. खोली अकरा फूट आठ इंच.”

फूटपट्टीनं खिशातून लाल ठिपक्याचं यंत्र काढलं आणि भिंतीवर धरलं. मग यंत्राकडे बघत राहिली.

“अकरा फूट आठ इंच,” ती म्हणाली.

“सहाही तशाच. दक्षिण बाजू बाबांनी लग्नाआधी बांधली. उत्तर बाजू लग्नानंतर.”

“म्हणजे?”

“लग्नानंतर माणूस थोडा कमीच भरतो,” तात्या म्हणाले, आणि मग स्वतःलाच दटावल्यासारखे थांबले. “नाही, थांब. नीट सांगतो. सवय नाही ना, हळू जातंय. आई लग्न होऊन आली ती तिच्या भावानं दिलेली लाकडी पेटी घेऊन. एकुलती वस्तू, तिला फार कौतुक. म्हणाली, घरातलं मोलाचं सगळं यात राहील. लुगडी घातली, भांडं घातलं, आणि वरून यांचा गज. तर झाकण लागेना. गज इंचभर बाहेर. आता पेटी भावाची, ती तर कापता येत नाही. बाबा कामावर नव्हते, त्या दिवशी चुना आणायला गेले होते. तिनं त्यांचीच करवत घेतली, टोपी उपटली, इंचभर कापलं, टोपी परत ठोकली. झाकण लागलं.”

फूटपट्टी गुंडाळी बाजूला ठेवून त्यांच्याकडे वळली.

“तिला काय ठाऊक, तिच्या माहेरी कुणी गवंडी नव्हतं. तिला वाटलं काठी ती काठी. दोन वर्षांनी बायकांच्या बोलण्यातून कळलं की गज म्हणजे काय असतो. तोवर चार खोल्या उभ्या होत्या. म्हातारपणी मला सांगितलं, उन्हात पाय पसरून बसली होती. म्हणाली, तुझे बाबा जन्मात कधी चुकले नाहीत, मी त्यांना चुकवलं. त्यांना कळू देऊ नकोस, आणि त्यांच्यामागे लोकांना कळू देऊ नकोस. ती गेल्यावर बाबा नऊ वर्षं होते. मी रोज त्यांच्यासमोर बसायचो आणि तिरळ्या हेडमास्तरांच्या गोष्टी सांगायचो. कुणी बाकाकडे बघायला लागला की मी एक गोष्ट सोडायची. तू मोठी झालीस आणि तुला खरंच विचारावंसं वाटेना, तेव्हा मला हायसं वाटलं.”

“तात्या,” फूटपट्टी हळूच म्हणाली, “ही तुमची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. पण मला कळत नाहीये की मी...”

“विश्वास ठेवू नकोस. मीही ठेवला नसता. गज मोज.”

सभागृहात काचेच्या पेटीपुढे ठेकेदार आडवा उभा राहिला.

“मोजायचा? आजोबांचा गज? कशानं?”

“फितीनं,” फूटपट्टी म्हणाली.

“गजानं फीत मोजतात, फितीनं गज नाही.”

“काका, तुम्हीच मोजा. मी हात लावत नाही.”

ही मात्र अशी गोष्ट होती की तिला नाही म्हणता येईना. ठेकेदारानं पेटी उघडली, रुमालानं गज उचलला, टेबलावर ठेवला, आणि आपली पोलादी फीत लावली. पाहिलं. फीत उलटी लावली. चष्मा पुसला. पुन्हा लावली. मग एका टोकाची पितळी टोपी अंगठ्याखाली घेऊन त्यानं ती किंचित फिरवली, आणि खाली करवतीनं वेडंवाकडं कापलेलं लाकूड दिसलं. सुताराचं काम नव्हतं ते. घाईत असलेल्या, आणि हसू आवरत असलेल्या, तरुण बाईचं होतं.

“पस्तीस,” तो म्हणाला.

मग तात्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी थोडं जलद गेलं. ठेकेदार ऐकता ऐकता खुर्चीत बसला. तो रागावेल असं फूटपट्टीला वाटलं होतं. पण आपल्या सगळ्यांत जुन्या कपड्याला भोक आहे असं कळल्यावर माणूस बघतो, तसं तो त्या गजाकडे बघत होता.

“आत्या, आजीची पेटी तुमच्याकडे आहे ना?” त्यानं विचारलं.

“पांघरुणं ठेवते,” आक्का म्हणाल्या. त्यांना सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.

“तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“कापलेलं ठाऊक नव्हतं. पण एक ठाऊक आहे.” आक्कांनी पदर सारखा केला. “शाळा पुरी झाली आणि बाबांनी नवा गज करवून घेतला. मी लहान होते, पण त्याचा वास आठवतो, ताज्या लाकडाचा. जन्मभर कामाला तोच नेला. हा जुना कधी पेटीबाहेर काढला नाही. सणावाराला आई पेटी उघडायची तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहायचे. झाकण पडलं, कडी लागली, की हसायचे. मला वाटायचं, माणसाला पेटीचं एवढं काय.”

तात्यांनी एकदम बहिणीकडे पाहिलं, आणि मग दुसरीकडे.

“ते नंतर,” फूटपट्टी म्हणाली. ती उभी राहिली होती. “काका, मला हा गज दहा मिनिटं द्या.”

ती तो घेऊन जवळजवळ धावतच सहाव्या खोलीत गेली. मागोमाग ठेकेदार, काचवाला, आणि बऱ्याच मागे तात्या. तिनं बाकाच्या पुढे आलेल्या टोकाशी गुडघे टेकले. गज मागच्या भिंतीला लावला आणि बाजूच्या भिंतीवर आडवा धरला. भिंतीवर बाकाच्या टोकानं घासून घासून झालेली एक काळी खूण होती. पितळी टोपी बरोब्बर त्या खुणेवर आली.

“एक गज आत,” ती म्हणाली. “बाकाचं एक टोक एक गज आत घेतलं की बारा फूट बसतात. पडदाही बाराच फूट आहे.”

काचवाल्यानं कानावरची पेन्सिल काढली, जमिनीवर तिरकी रेघ ओढली, फीत लावली, आणि ओठ बाहेर काढले.

“दोन सूत मोकळे राहतात.”

“रबराला किती लागतात?”

“दोन सूत.”

“मग बघता काय?” ठेकेदार म्हणाला. “खालच्या पट्ट्या उखडा. दोन माणसं माझी घ्या. तिरकं तर तिरकं, पण सगळे एकाच बाजूला तिरके, कळलं का? एक इकडे एक तिकडे केलंत तर शाळेची धर्मशाळा दिसेल.” आणि त्यानं कोट काढून मुलांच्या खुंटीला अडकवला. वाकूनच.

दुपारभर ड्रिलचा आवाज चालला. ठेकेदार आणि फूटपट्टी एकाच दोरीची दोन टोकं धरून जमिनीवर रांगत होते, आणि सकाळी एकमेकांना काय म्हणाले होते ते दोघांनाही आठवायला वेळ नव्हता. पडदे एकामागून एक उभे राहिले. प्रत्येक दाराबाहेर एक तिकोनी कोनाडा तयार झाला, तिथे एक खुर्ची आणि एक कुंडी मावत होती. व्हरांडा आधी आगगाडीच्या डब्यासारखा सरळसोट होता. आता तो प्रत्येक दाराशी जरा थांबून श्वास घेत होता. काचवाला म्हणाला, मुद्दाम केल्यासारखं दिसतंय. मग म्हणाला, पुढच्या कामाला मी हेच सुचवणार, माझं म्हणून.

साडेतीनला पाच पडदे उभे होते. सहावी खोली बिनपडद्याची, बाकासकट तशीच राहू द्यायचं ठरलं.

ठेकेदार हात पुसत सभागृहात आला आणि पाटीवरचं कापड उचलून पाहिलं.

“ही काढतो,” तो म्हणाला. “एका सुताचाही फरक नाही म्हणे. खोलीमागे चार इंच. बत्तीस सूत. आजोबांना कळलं नाही ते एका परीनं बरं झालं. पण मी पितळेवर खोटं लावणार नाही.”

“काढू नका,” फूटपट्टी म्हणाली. टेबलावर तिनं नकाशा पसरला होता आणि चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले होते. “इकडे या. तात्या, तुम्हीही. दक्षिणेच्या टोकाची भिंत दोन फूट जाडीची आहे. उत्तरेच्या टोकाची चार फूट. मी दोन वर्षं विचार करतेय, का.”

“उत्तरेचं वारं,” ठेकेदार म्हणाला.

“तात्या म्हणायचे, त्यात एक हेडमास्तर चिणलाय.”

“तिरळा,” तात्या म्हणाले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचं बोट नकाशावर होतं.

“खोल्या सहा,” फूटपट्टी म्हणाली. “खोलीमागे चार इंच कमी. सहा चोक चोवीस. चोवीस इंच म्हणजे दोन फूट.”

आक्कांनी कप खाली ठेवला.

“जेवढं आत कमी पडलं तेवढं सगळं त्यांनी शेवटच्या भिंतीत घातलं,” ती म्हणाली. “बाहेरून मोजलं तर दोन्ही बाजू सारख्या आहेत. मी आत्ता मोजून आले. सूतभरही फरक नाही. काका, योगायोगानं भिंत बरोब्बर दोन फूट जाड होत नाही. त्यांना ठाऊक होतं. पहिल्या खोलीच्या आधीच ठाऊक असणार. त्यांनी हिशेब करून त्याच गजानं बांधलं.”

“पण का?” ठेकेदारानं विचारलं. “नवा गज तेव्हाच केला असता तर?”

“मग आईला विचारावं लागलं असतं, हा कापला कुणी,” आक्का म्हणाल्या. “नवी आलेली पोर. घरात सासू, दोन नणंदा, सगळी गवंड्यांची घरं. जन्मभर ऐकवलं असतं.”

तात्यांनी काठी घेतली. ते उठले आणि व्हरांड्याच्या टोकाला गेले. तिथे, त्या चार फुटी भिंतीत, अख्ख्या शाळेतली एकुलती एक खाली काढलेली खिडकी होती. जाड भिंतीमुळे तिच्यात दगडी बैठक झाली होती, एका माणसाला पाय वर घेऊन बसता येईल एवढी. एक्केचाळीस वर्षं दोन घंटांच्या मध्ये तात्या तिथे बसले होते. तिथली गोष्टही त्यांनी कधी रचली नव्हती, कारण तिची सगळ्यांना ठाऊक असलेलीच एक होती: काम चालू असताना आई बाबांचा डबा घेऊन यायची आणि ते हात धुऊन येईपर्यंत याच दगडावर बसायची. दगड मग भिंतीतच राहिला, एवढंच.

ते बसले. सत्तावीस वर्षं आईचं गुपित राखलं होतं. त्यातली नऊ वर्षं तर बाबांच्या समोरासमोर, शिकस्तीनं. आणि म्हातारा रोज ऐकायचा, हेडमास्तर कुठल्या डोळ्यानं तिरळा होता ते पुन्हा पुन्हा विचारायचा, आणि हसायचा. पोरगं गोष्टी चांगल्या सांगतं म्हणून हसतो, असं तात्यांना वाटलं होतं. दोघंही एकमेकांपासून एकच वस्तू मुठीत झाकून बसले होते, आणि दोघांच्याही मुठी रिकाम्या होत्या. तात्यांना हसू आलं, आणि ते बराच वेळ थांबेना.

बरोब्बर चार वाजता बाई आल्या. नीटनेटक्या, थोड्या घाईत, आणि प्रत्येक वस्तूला एकदा हात लावून बघणाऱ्या. पाटीवरचं कापड आक्कांनी ओढलं. ठेकेदारानं भाषण केलं, आणि त्याच्या नेहमीच्या भाषणापेक्षा ते निम्मंच निघालं. मग सगळे उत्तरेच्या व्हरांड्यात आले. बाई पहिल्या तिकोनापाशी थांबल्या, दुसऱ्यापाशी थांबल्या, आणि तिसऱ्यातल्या खुर्चीत बसून पाहिलं.

“हे छान आहे,” त्या म्हणाल्या. “नकाशात नव्हतं. गिरणीतही असं काहीतरी कर तू. पण मला सांग, सगळे पडदे तिरके का?”

फूटपट्टीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. तिनं तात्यांकडे पाहिलं. ठेकेदारानं पाहिलं. आक्का तर आधीपासूनच बघत होत्या.

आता खरं सांगायला काही हरकत नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं, पुरावा टेबलावर होता, आणि एक्क्याऐंशी वर्षांत पहिल्यांदाच तात्यांवर सगळं घर विश्वास ठेवायला तयार होतं. तात्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

“त्याचं काय आहे, बाई,” ते म्हणाले, “या बाजूला एक हेडमास्तर होते. तिरळे. त्यांना तिरकं ठेवलं की सरळ दिसायचं. ती आठवण म्हणून.”

बाईंनी हसू दाबत ठेकेदाराकडे पाहिलं. या घरात खरंखोटं विचारावं तर त्यालाच, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं.

“खरंच?” त्यांनी विचारलं.

ठेकेदारानं खुंटीवरचा कोट काढला, वाकून, आणि सावकाश अंगात घातला.

“डाव्या डोळ्यानं,” तो म्हणाला.